बरणीचा तळ

माझ्या तोंडी एक शब्द बसलाय: ‘जाऊ दे.’ बस चुकली, जाऊ दे. कप फुटला, जाऊ दे. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा त्याने सगळ्यांदेखत मला टोला हाणला, “वहिनी, दिवसातून शंभरदा ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणून देवाचं डोकं खात होतात. घ्या, दिली एक जाऊ!” सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला हसायला कष्ट पडत नसत.

खरं तर ही जाऊ देवाने दिलीच नव्हती, मीच आणली होती. ती माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच हाताखाली रोपांची मुळं मोजायला आलेली मुलगी. एकदा मी चष्मा घरी विसरले, तो द्यायला दीर आला आणि चष्मा हातात धरून तिच्याकडे बघत उभा राहिला. मला तासभर काही दिसत नव्हतं, त्याला मात्र सगळं दिसलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो निदान स्वतः उचलावा लागतो. मी तर चष्मा विसरून पाडून घेतला.

घरात आम्हाला थोरली आणि धाकटी म्हणतात. तीच नावं पुढे प्रयोगशाळेतही चिकटली. आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणतो, त्याही म्हणतात, “थोरलीला विचारा, तिला माहीत असेल.” हे वाक्य मला फार आवडतं. आवडायचं. कारण गेल्या हंगामापासून बाई अधूनमधून म्हणायला लागल्या, “धाकटीला विचारा.”

आमचं काम शिशाचं. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याच्या कारखान्यांमागे शेतं असतात. कारखाना बंद पडतो, माणसं निघून जातात, शिसं मात्र मातीत मुक्काम ठोकून बसतं. तिथे गहू पेरला तर उगवतो, नाही असं नाही. पण रोप उपटून पाहावं. मूळ आखूड, जाड, तपकिरी झालेलं, बाजूची बारीक मुळं फुटलेलीच नाहीत. मग पान पिवळं पडतं, आणि जे रोप तगतं त्याच्या दाण्यातून शिसं कुणाच्या तरी पोरांच्या पोटात जातं. असल्या जमिनीत तग धरेल आणि शिसं वर चढू देणार नाही, असा गहू आम्ही शोधतो. मातीत पेरण्याआधी रोपं पाण्यावर वाढवतो. बरणीत पोषक क्षारांचं पाणी, त्यात मोजून शिसं, वर झाकणाच्या भोकात रोप.

माझ्या वाणाचं नाव हट्टी. नऊ वर्षं मी तो निवडत, पेरत, पुन्हा निवडत आणला होता. शिशाच्या पाण्यातही त्याची पानं हिरवी राहत. यंत्रावर तपासलं की मुळात शिसं भरपूर आणि पानात जवळजवळ नाही. म्हणजे हट्टीचं मूळ सगळं विष स्वतःपाशी अडवून धरतं आणि वरच्याला कळूही देत नाही. मला त्याचा अभिमान होता. मीही तशीच आहे असं मला वाटायचं. आत काय साचलंय ते चेहऱ्यावर चढू द्यायचं नाही.

धाकटीने कुठल्याशा बियाणे-संग्रहातून एक मरतुकडा जुना गहू काढला. देठ तांबूस म्हणून त्याचं नाव लाली ठेवलं. एका हंगामात लाली हट्टीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दुसऱ्या हंगामात एक बोट वर गेली.

पोटात दुखणं म्हणतात ते खरंच पोटात असतं. बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. मी डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यांनी तिखट कमी खा म्हणून सांगितलं.

घरीही सुटका नव्हती. सासूबाई जेवताना म्हणायच्या, “अगं, धाकटी सांगत होती, तिची रोपं बघायला बाई स्वतः आल्या होत्या म्हणे.” आणि माझ्याकडे बघायच्या, भाजीत मीठ बरोबर पडलंय ना हे बघावं तसं. मी म्हणायचे, “हो, चांगलं करतेय ती.” आणि धाकटी मान खाली घालून म्हणायची, “ताईंनीच शिकवलंय सगळं.” तिचं हे म्हणणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं. ती उद्धट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं!

यंदा त्या जुन्या कारखान्यामागचा जमिनीचा एक तुकडा आमच्या विभागाला मिळणार होता. एकच तुकडा, एकच पेरणी, एकच वाण. ज्याचा वाण शेतात जाईल त्याच्याकडे तुकड्याचं काम जाणार. बाईंनी बैठक ठेवली. दोघींनी आपापली रोपं मांडायची, मग निर्णय. माझी नऊ वर्षं एका बाजूला आणि तिची जेमतेम दीड दुसऱ्या बाजूला, आणि तरी तराजू कुठे कलेल हे मला सांगता येत नव्हतं.

आमच्या दोघींच्या पद्धतीत एकच फरक होता. मुळांना उजेड चालत नाही, म्हणून माझ्या बरण्यांना काळा कागद गुंडाळलेला असतो, झाकणापासून बुडापर्यंत, चिकटपट्टीने बंद. तसं माझ्या गुरूंनी शिकवलं आणि तसं मी सगळ्यांना शिकवते. धाकटीने मात्र साध्या काचेच्या बरण्या घेतल्या, त्या एका लाकडी पेटीत ठेवल्या आणि पेटीला पुढून उघडणारं दार लावून घेतलं.

“हे काय नवीन?” मी विचारलं होतं.

“रोज मुळं बघता येतात, मॅडम. दार उघडायचं, बघायचं, लावायचं.”

“मुळं बघायची नसतात. पानं बघायची असतात. मुळं शेवटी बघायची.”

“मला धीर धरवत नाही,” ती हसून म्हणाली.

बाकी सगळं सारखं. दिव्यांची खोली तीच, शिसं तेवढंच, आणि पाणीही एकच. त्या क्षारांच्या पाण्याला आमच्याकडे सगळे टॉनिक म्हणतात. ते मी करते. खोलीच्या कोपऱ्यात त्याचा मोठा कॅन आहे आणि त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘थोरलीचं टॉनिक. विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नये.’

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी दिव्यांच्या खोलीत गेले. कशाला गेले हे गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही. लालीची मुळं काळी पडली असतील या आशेने गेले. वरून हिरवं आणि खाली सडलेलं, असं पुष्कळदा होतं. गुडघ्यावर बसून मी तिच्या पेटीचं दार उघडलं.

मुळं पांढरीशुभ्र होती. लांब, दाट, बाजूच्या बारीक मुळांनी भरलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

दार लावता लावता मला बरणीचा तळ दिसला. तळाशी पांढरी पूड होती. पावडरचा डबा उपडा झाल्यावर फरशीवर राहते तशी, बारीक, एका थरात. दुसऱ्या बरणीत तीच. तिसऱ्या बरणीतही तीच. मी एक बरणी उचलून हलवली. पूड ढगासारखी वर आली आणि सावकाश पुन्हा खाली बसली.

मला कळायला क्षणही लागला नाही. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. शिसं आणि फॉस्फेट एकाच पाण्यात आले की एकमेकांना मिठी मारतात आणि पांढरी पूड होऊन खाली बसतात. पूड झालेलं शिसं रोपाला पिता येत नाही. म्हणजे लाली शिसं सोसत नव्हतीच. शिसं खाली झोपलं होतं आणि लाली वर मजेत टॉनिक पीत होती.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी दार लावलं, हात धुतले आणि जेवायला गेले. धाकटीने तिच्या डब्यातलं अर्धं मला वाढलं आणि मी ते चवीने खाल्लं.

तिला तिथेच सांगता आलं असतं. संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात सांगता आलं असतं. ती कणीक मळत होती, मी भांडी लावत होते, दोघींमध्ये हातभर अंतर. तीही काहीतरी सांगायच्या बेतात होती. दोनदा “ताई…” म्हणून थांबली. मी विचारलं नाही. मी मिठाची गुळणी धरून बसले होते, मला बैठक हवी होती, सगळे हवे होते. नवरा मला म्हणाला, “आज फार खुशीत आहेस. कोणाचा काटा काढलास?” मी म्हटलं, “अजून नाही.” त्याला तो विनोद वाटला.

बैठकीला विभागातले सगळे होते. मी आधी बोलले. हट्टीची पानं, हट्टीची उंची, मुळातलं शिसं, पानातलं शिसं. बाई मान डोलवत होत्या. मग धाकटी उठली. तिने हातात कागद घेतला, पण तो उलगडला नाही.

“बाई, मी लाली मागे घेतेय,” ती म्हणाली. “तिला यंदा शेतात नको.”

खोलीत कुजबूज झाली. बाईंनी चष्मा काढला. “का गं? मागच्या महिन्यापर्यंत तर उड्या मारत होतीस.”

“माझ्या पद्धतीत चूक झालीय. माझे आकडे धरू नका.”

“कसली चूक?”

“माझीच चूक आहे, बाई. नीट तपासून पुढच्या हंगामात मांडते.”

संपलं होतं. तुकडा माझा झाला होता. कोणीही शहाणी बाई अशा वेळी खुर्चीत मागे टेकून बसली असती. पण मला काय झालं होतं ते सांगते. मला जिंकायचं नव्हतं, मला ती हरलेली दिसायला हवी होती. ती स्वतःहून उठून मानाने बाजूला होतेय आणि बाई तिच्याकडे कौतुकाने बघताहेत, ‘किती प्रामाणिक पोर’ अशा नजरेने, हे मला सोसवेना.

“कसली चूक ते मी सांगते,” मी उठले. “सगळ्यांना कळायला हवं. नवीन मुलं आहेत, शिकतील.”

धाकटीने माझ्याकडे बघितलं. प्रयोगशाळेत ती मला नेहमी मॅडम म्हणते. तेव्हा म्हणाली, “ताई, जाऊ द्या ना.”

“जाऊ कशी देऊ?” मी म्हटलं. कोणीतरी खुदकन हसलं. आमच्या घरचा तो विनोद इथेही सगळ्यांना ठाऊक होता.

“ताई, खरंच. जाऊ द्या.”

मी दिव्यांच्या खोलीत जाऊन तिची बरणी घेऊन आले. खिडकीच्या उजेडात धरली आणि हलवली. पूड वर आली. “हे बघा शिसं. सगळं तळाशी. रोपाने चाखलंही नाही. काचेच्या बरण्या घेऊन रोज मुळं बघत बसायची हौस, पण तळ बघायचं सुचलं नाही!”

हे बोलताना माझा आवाज इतका गोड होता की मलाच परका वाटला.

बाईंनी बरणी हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “पाणी कुठलं वापरलंस, धाकटी?”

धाकटीने हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

“अगं, पाणी कुठलं?”

ती जमिनीकडे बघत होती. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, आणि मग एकेक नजर तिच्यावरून निघून माझ्यावर येऊन बसायला लागली. कॅन सगळ्यांनी पाहिलेला. त्यावरचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं.

माझ्या गुरूंच्या वेळी आम्ही शिशावर काम करत नव्हतो, टॉनिकची कृती तेव्हाची, फॉस्फेटसकट. शिशाकडे वळल्यावर मी त्यात आम्लाचे थेंब वाढवले, आंबट पाण्यात शिसं विरघळून राहतं म्हणून. ओतताना पाणी नितळ दिसायचं, आणि मी काळा कागद लावून टाकायचे. म्हणूनच काल पूड दिसली तेव्हा चूक तिचीच, असं मी धरून चालले. पण रोप ते पाणी पितं, पिता पिता त्याचा आंबटपणा मोडतं, आणि मग शिसं सावकाश खाली बसतं. बरणी काळी असेल तर कोणाला दिसणार? आणि थोडी पूड मुळांना बाहेरून चिकटली की यंत्र म्हणणारच, मुळात शिसं भरपूर आणि पानात नाही.

“थोरली,” बाई म्हणाल्या, “तुझ्या बरण्यांचे कागद काढून बघू या.”

दिव्यांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, कागद मीच काढले. चिकटपट्टी मी फार घट्ट लावते, नखं दुखली. पहिली बरणी, तळाशी पांढरं. दुसरी, पांढरं. तिसऱ्या बरणीनंतर बाई म्हणाल्या, “पुरे.” त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “पेरणी पुढे ढकलते,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्यामागून बाकीचे गेले, पाय न वाजवता.

मी खाली बसून उरलेले कागद सोलत राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे सोलले. धाकटी येऊन माझ्या शेजारी बसली आणि पलीकडच्या टोकापासून सोलायला लागली.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“पंधरा दिवस झाले, पूड दिसली तेव्हाच. पण आधी वाटलं माझंच काही चुकलं. मग कॅनमधलं पाणी तपासलं.” तिने एक कागद सोलून बाजूला ठेवला. “काल घरी सांगणार होते. तुम्ही इतक्या खुशीत होतात, ताई. मला वाटलं, आधी माझा वाण मागे घेते, मग तुम्हाला एकटीला सांगते. तुम्ही मग बाईंना हवं तसं सांगाल.”

मी पुढच्या बरणीची चिकटपट्टी नखाने उचकटली. मग विचारलं, “तू फॉस्फेटशिवाय करून बघितलंस का?”

“बघितलं. एक बरणी हट्टीची, एक लालीची. एक दिवस साध्या पाण्यात नुसतं शिसं, दुसऱ्या दिवशी मुळं धुऊन नुसतं टॉनिक.”

कोणीही माणूस इथे विचारेल, माझा हट्टी जगला का? नऊ वर्षं सांभाळलेला वाण. पण माझ्या तोंडून निघालं, “लालीचं काय झालं?”

धाकटीने माझ्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाली, “मेली, ताई. दोन्ही गेली. लाली तर आधी गेली.”

मला बरं वाटलं. इतकं सगळं होऊन, तळाला बसून, बोटांना चिकटपट्टी लागलेली असताना मला मनापासून बरं वाटलं. बरगडीखालचं दुखणं कोणी फुंकर घातल्यासारखं थांबलं.

“बरण्या कुठे आहेत?”

“टाकल्या.”

ती खोटं बोलली की कानाची पाळी चोळते. लग्नाच्या आधी दिराबद्दल विचारलं तेव्हाही चोळत होती. आता दोन्ही हात कागदात गुंतलेले होते, तरी तिने खांदा वर करून कान घासला.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी उठले. आमच्या खोलीत काही लपवायचं तर एकच जागा आहे, बंद पडलेल्या फ्रीजच्या मागचा कट्टा. मीच तिला दाखवला होता. तिथे एका छोट्या दिव्याखाली दोन बरण्या होत्या. हट्टीचं रोप आडवं झालेलं, पान कागदासारखं पिवळं, मूळ बोटाच्या पेराएवढं आणि तपकिरी. दुसऱ्या बरणीचं पाणी नितळ होतं, तळ स्वच्छ होता. लाली खुरटलेली होती, एक पान टोकाला जळलेलं, जुनी मुळं काळवंडलेली. पण त्या काळ्या मुळांच्या वर, देठाला लागून, एक नवं पांढरं मूळ फुटलं होतं. दोऱ्याएवढं. शिशाच्या पाण्यात सरळ खाली निघालेलं.

एका बरणीवरून काही सिद्ध होत नाही. हेही मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पण त्या मुळाकडे बघून मला कळलं, आणि जितकं कळलं तितकं आत जळत गेलं. नऊ वर्षं मी जे शोधत होते ते तिला एका फ्रीजमागे सापडलं होतं, आणि तिने ते माझ्यासाठी मेलं म्हणून सांगितलं होतं.

कट्ट्यावरून ती बरणी खाली पडणं काही अवघड नव्हतं. जागा अरुंद, बरणी ओली, माझी बोटं चिकट. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला घटकाभर थांबला.

“ताई!” धाकटी दारात उभी होती, हात ओलेच. तिने आधी बरणीकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. “ताई, ठेवा ती. जाऊ द्या ना.”

“नाही जाऊ देणार,” मी म्हणाले.

मी बरणी उचलली आणि तिच्या अंगावरून पुढे होऊन बाईंच्या खोलीकडे निघाले. ती माझ्यामागून येत होती, “ताई, ताई” करत. पोटात अजून जळत होतं, ते काही थांबायचं नाव घेत नव्हतं. पण पाणी हिंदकळून त्या नव्या मुळाला धक्का लागू नये म्हणून मी बरणी दोन्ही हातांनी धरली होती आणि अगदी हळू चालत होते.